वीस बाजूंचे रामायण

पळसाच्या झाडाला गाण्याच्या तबकड्या लागतात, असे कोणी सांगितले तर तुम्ही हसाल. पण हे अगदीच खोटे नाही. भंडारा-गोंदियाच्या जंगलात पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवर लाखेचा किडा वस्ती करतो. ती लाख खरवडायची, धुवायची, वितळवून गाळायची, की तिची चपडी लाख होते. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या काळ्या रेकॉर्डचा जीव या चपड्या लाखेत होता. तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून तो लगदा साच्यात दाबला, की तबकडी तयार. हिंदुस्थानात हे काम चाले ते कलकत्त्याजवळच्या दमदमला, ग्रामोफोन कंपनीच्या १९२८ साली उभ्या राहिलेल्या कारखान्यात. हावड्याहून नागपूर-मुंबईकडे जाणारा रूळ आमच्या वरठीतूनच जातो. स्टेशनाच्या पाटीवर मात्र वरठी नाही, 'भंडारा रोड' लिहिलेले असते, आणि नवखा पाहुणा उतरल्यावर भंडारा शहर शोधत बसतो, हा भाग वेगळा! तेव्हा आमच्या मुलखातली लाख त्या बाजूला गेली आणि गाणे होऊन याच रुळाने परत आली, असे म्हणायला हरकत नसावी. त्यातली किती गेली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, ठेवायचे कारणही नव्हते.

हे आठवायचे निमित्त वेगळेच. पुण्या-बेंगळुरूला नोकरी करणारी मुले दिवाळीला घरी येतात आणि सांगतात, की तिकडे आता एक नवी टूम निघाली आहे. दहा-वीस जण एका खोलीत जमतात, दिवे मंद करतात, मोबाईल बाजूला ठेवतात आणि एक अख्खी एलपी रेकॉर्ड पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकतात. मध्ये बोलायचे नाही, गाणे पुढे ढकलायचे नाही. रेकॉर्डही अशी निवडायची, की जिच्यात सुटी गाणी नसून सगळी मिळून एकच गोष्ट किंवा एकच भाव असेल. तिला म्हणतात 'कन्सेप्ट अल्बम'. जपानात अशी रेकॉर्ड ऐकण्याची कॉफीघरे दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीपासून आहेत. तिकडे त्यांना 'किस्सा' म्हणतात. शब्द जपानी, पण आपल्या कानाला किती ओळखीचा! अमेरिकेत तर २०२२ साली रेकॉर्डचा खप, नगांच्या हिशेबाने, १९८७ नंतर पहिल्यांदा सीडीच्या पुढे गेला.

घरातली आजी हे सगळे शांतपणे ऐकून घेते आणि विचारते, "म्हणजे पोथीच की रे! तीच गोष्ट, तसेच बसणे, तसेच गप्प राहणे. नवीन काय?"

आजीचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. इंग्रजी जाणकार या प्रकाराची वंशावळ सांगताना वुडी गथ्रीच्या १९४० सालच्या गाण्यांपासून सुरुवात करतात, मग फ्रँक सिनात्राची १९५५ सालची एका एकाकी रात्रीची सोळा गाणी, मग १९६७ चे बीटल्स, १९७३ चे पिंक फ्लॉइड. या यादीत १९५५ हे साल आले, की मराठी माणसाने कान टवकारायला हवेत. कारण त्याच वर्षी, १ एप्रिलला, रामनवमीच्या सकाळी, पुणे आकाशवाणीवरून एक मालिका सुरू झाली. केंद्राचे सीताकांत लाड यांची कल्पना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत. आठवड्याला एक गाणे, असे वर्षभर. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून गाणी झाली छप्पन्न. सोळा कुठे आणि छप्पन्न कुठे!

'गीतरामायणा'ची थोरवी सांगायला हा लेख नाही, ती घरोघर ठाऊक आहे. पहिले गाणे ध्वनिमुद्रणाच्या घाईत हरवले आणि माडगूळकरांनी ते बसल्या बैठकीला पुन्हा लिहून दिले, ही कथाही तुम्ही ऐकली असेल. मला लक्ष वेधायचे आहे ते रचनेकडे. पहिल्या गाण्यात दोन मुले दरबारात गायला उभी राहतात, आणि समोर श्रोत्यांत बसलेला असतो तो प्रत्यक्ष राम. ज्याची कथा तोच ती ऐकतो आहे, त्याला अजून ठाऊक नाही की गाणारी मुले आपलीच आहेत. शेवटच्या गाण्यात वाल्मीकी त्याच मुलांना गायला निघताना शिकवण देतात. म्हणजे छप्पन्नावे गाणे संपते तिथे पहिले सुरू होते. गोष्ट गोल फिरून आपल्याच तोंडाशी येते, तबकडीसारखी. सगळ्यांनी एकत्र बसून एक कथा ऐकायची, हाच त्या काव्याचा पहिला प्रसंग आहे आणि हाच शेवटचा.

आता आमच्याकडची गोष्ट. पुणेकरांना गीतरामायण रेडिओवर भेटले. शुक्रवारी सकाळी पावणेनऊला घड्याळ बघून लोक रेडिओसमोर बसत, काही घरांत रेडिओला हार घालून उदबत्ती लावत, असे वर्णन आपण वाचत आलो आहोत. ते खरेही आहे, पण ते तिकडचे. १९५५ साली भंडारा जिल्हा महाराष्ट्रात नव्हताच, मध्यप्रदेशात होता. १९५६ च्या नोव्हेंबरात आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. नागपूरला आकाशवाणी केंद्र १९४८ पासून होते, पण पुण्याच्या केंद्राच्या मध्यमलहरी सकाळच्या उजेडात सातशे किलोमीटर चालून वैनगंगेपर्यंत पोचणे कठीणच. शिवाय रेडिओला पोस्टातून परवाना काढावा लागे. तेव्हा आमच्या भागाला हे रामायण भेटले ते आधी पुस्तकातून, १९५७ साली प्रकाशन विभागाने छापले तेव्हा, आणि मग खऱ्या अर्थाने भेटले ते तबकडीवर.

रेडिओवर ते अनेक गळ्यांतून आले होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक, सुरेश हळदणकर आणि रामाच्या भूमिकेत स्वतः फडके. एचएमव्हीने एलपी काढल्या त्या मात्र सगळ्या एकट्या बाबूजींच्या आवाजात. दहा रेकॉर्ड, वीस बाजू. राम तेच, सीता तेच, कौसल्या तेच, शूर्पणखा आणि हनुमानही तेच. मुंबई-पुण्याच्या रसिकांना यात काही हरवल्यासारखे वाटले असेल, मूळचा थाट ज्यांनी ऐकला त्यांची हळहळ मी समजू शकतो. पण खेड्यातल्या श्रोत्याला हे मुळीच परके वाटले नाही. एकच माणूस उभा राहतो आणि सगळी पात्रे वठवतो, हे तर कीर्तनच झाले! माझे मत विचाराल तर रेकॉर्डवरचे गीतरामायण रेडिओवरल्यापेक्षा खेड्याच्या अधिक जवळचे होते.

कीर्तनाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. नारदीय कीर्तनाला पूर्वरंग असतो आणि उत्तररंग असतो. आधी निरूपण, नंतर आख्यान. मध्ये बुवांना हार घालतात, सगळ्यांना बुक्का लावतात, मुले जरा पाय मोकळे करतात. एलपीलाही दोन बाजू. वीस-पंचवीस मिनिटांची एक बाजू संपली, की कोणीतरी उठायचे, सुई उचलायची, तबकडी उलटायची. तेवढ्यात कोणी सुपारी कातरतो, कोणी कूस बदलतो, आणि 'आता वनवास लागेल' असे हलक्या आवाजात शेजाऱ्याला सांगतो. कंपनीच्या साहेबांनी यंत्राच्या अडचणीमुळे दोन बाजू केल्या. ऐकणाऱ्यांनी त्यात आपला बुक्का शोधला.

आणि बसण्याची सवय? ती झाडीपट्टीला कोणी शिकवायला नको. धान घरात आले, भाऊबीज झाली, की गावोगाव मंडई भरते आणि रात्री दंडार उभी राहते. हिवाळाभर नाटके चालतात. रात्री दहाला पडदा उघडतो आणि दिवस उगवायच्या बेताला पडतो. बंड्या जुंपून, पोराबाळांना घोंगडीत गुंडाळून, पाच-सात कोसांवरून लोक यायचे. चातुर्मासात देवळात पोथी. अशा माणसांना वीस मिनिटे गप्प बसून ऐकायला सांगणे म्हणजे तलावाच्या कडेला राहणाऱ्याला पोहायला शिकवणे. शहरात आज लोकांना पैसे देऊन जी शांतता विकत घ्यावी लागते, ती इथे सतरंजीबरोबर अंथरलेली असे.

पण थांबा. जुन्या गोष्टी आठवताना सगळेच गोड करून टाकण्याची खोड आपल्याला आहे. ऐकायला एकत्र बसत, हे खरे. कसे बसत? फोनो असे तो गावात एखाद्याच घरी, बहुधा मालगुजाराच्या वाड्यात किंवा स्टेशनाजवळच्या एखाद्या नोकरदाराकडे. चावी भरायचा, कर्ण्याचा. दर बाजूला पोलादी सुई बदलायची, आणि रिकामी झालेली सुयांची कुत्रा छाप डबी कोणत्या पोराला मिळणार यावर भांडणे. सतरंजीवर कोणी बसायचे, ओसरीवर कोणी, अंगणात कोणी आणि कुंपणाबाहेर उभे राहून कोणी ऐकायचे, हे सुई टेकण्याच्या आधीच ठरलेले असे. बायका दाराआड. रामाची कथा सगळ्यांची होती, बैठक सगळ्यांची नव्हती.

ही बैठक मोडली ती लाउडस्पीकरने. लग्नाच्या मांडवात बॅटरीवर चालणारा अॅम्प्लिफायर, फिरती तबकडी आणि झाडाच्या शेंड्याला बांधलेला भोंगा घेऊन लाउडस्पीकरवाला आला, आणि आवाजाला कुंपण राहिले नाही. आखरापलीकडच्या शेवटच्या घरालाही तेच गाणे त्याच वेळी ऐकू येऊ लागले. आज डीजेच्या धडधडीने छाती फुटायची वेळ येते तेव्हा भोंग्याविषयी चांगले बोलायला जीभ कचरते. तरीही हे त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. आणि ज्यांना वाड्याच्या कुंपणाबाहेर उभे केले होते, त्यांनी पुढे आपली तबकडी, आपला भोंगा आणि आपली कथा आणली. हा भंडारा जिल्हा म्हणजे जिथून १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते पराभूत झाले. दोनच वर्षांनी नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर चौदा एप्रिलला वस्त्यांमधून जे सूर उठू लागले, ते वामनदादा कर्डकांच्या शब्दांचे, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप अशा गायकांच्या आवाजाचे. जन्म, शाळेबाहेरचा मुलगा, महाडचे पाणी, दीक्षा, महापरिनिर्वाण. एका रात्रीत एकामागून एक वाजणारी ही गाणी ओळीने मांडली, तर तेही एक सलग चरित्रकाव्यच होते. कोणत्याही कंपनीने ते दहा तबकड्यांच्या देखण्या संचात बांधले नाही. लावणाऱ्याने आपल्या हाताने क्रम लावला, एवढेच.

सलग रेकॉर्डच म्हणाल तर मराठीत आणखीही आहेत. १९७४ साली शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली, त्या निमित्ताने 'शिवकल्याण राजा' आली. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, गळा लताबाईंचा, निवेदन बाबासाहेब पुरंदऱ्यांचे. शब्द घेतले ते रामदासांपासून कवी भूषणापर्यंत आणि गोविंदाग्रजांपासून कुसुमाग्रजांपर्यंत. तीनशे वर्षांतले कवी एका तबकडीवर एकाच माणसाची गोष्ट सांगतात. ही सुटी सुटी ऐकणारे आज पुष्कळ आहेत, पण निवेदनासकट सलग ऐकून पाहा. 'वेडात मराठे वीर' हे गाणे निवेदनानंतर येते तेव्हा त्याचा घाव वेगळाच बसतो.

शब्द नसलेली गोष्टही आपल्याच एका माणसाच्या देखरेखीखाली तयार झाली. गो. ना. जोशी हे नाव जुन्या वाचकांना आठवेल. मराठी भावगीत पहिल्यांदा तबकडीवर आणणाऱ्यांपैकी एक, वकिलीचे शिक्षण घेतलेले, पुढे एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी. त्यांनी १९६७ च्या सुमारास शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार एकत्र आणली आणि 'कॉल ऑफ द व्हॅली' निघाली. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस. पहाटेच्या अहीर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत राग घड्याळाप्रमाणे सरकतात. ती जगभर गेली. मेंढपाळाच्या जागी आमचा धानाच्या बांधीवरचा गुराखी बसवून ऐकली तरी चालते, राग तक्रार करत नाहीत.

आणि आता हसू नका. सर्वांत जास्त लोकांनी एकत्र बसून ऐकलेली कथा कोणती असेल, तर माझा कौल 'शोले'ला. १९७५ च्या त्या चित्रपटाच्या गाण्यांइकतीच, किंबहुना जास्तच, संवादांची पॉलिडॉर कंपनीची रेकॉर्ड चालली. गणपतीच्या मांडवात, चहाच्या टपरीवर, लग्नघरी. समोर चित्र नाही, नुसता आवाज, आणि बाहेर पन्नास माणसे गब्बरसिंगच्या आधी गब्बरसिंगचे वाक्य म्हणत आहेत! पोथीत पुढची ओवी आधी म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांची ही नातवंडे.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि दहा वर्षांत तबकडी माळ्यावर गेली. कॅसेटला दोष देण्यात अर्थ नाही. तिने गाणे स्वस्त केले, आणि ज्यांना रेकॉर्ड कधीच परवडली नसती त्यांच्या घरी नेले. झाडीपट्टीची बोली, इथली दंडार, इथले गायक यांना मुंबई-कलकत्त्याच्या कंपन्यांच्या दारात जे स्थान मिळाले नाही, ते कॅसेटने थोडेफार दिले. पण कॅसेट खिशात गेली, मग कानात गेली, आणि आता मोबाईलमध्ये आजोबांचे रामायण वेगळे, नातवाचे गाणे वेगळे, सुनेची मालिका वेगळी. एका घरात चार माणसे चार गोष्टी ऐकतात, आणि जेवताना बोलायला विषय नसतो.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स नावाची संस्था आहे. डॉ. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या माणसांनी तिच्यामार्फत जुन्या तबकड्या जमवल्या, त्यांची टिपणे छापली आणि श्रवणाच्या बैठकी भरवल्या. वरठीला, मोहाडीला, तुमसरला संस्थेची गरज नाही. वाचनालयाची खोली किंवा देवळाचा सभामंडप पुरे. रामनवमीपासून रोज संध्याकाळी दोन बाजू लावल्या तर दहा दिवसांत वीस बाजू होतात. यावेळी सतरंजी एकच असावी आणि ती सगळ्यांसाठी असावी. चौदा एप्रिल बहुतेक वर्षी रामनवमीच्या आगेमागेच येते. त्या दिवशी दुसरी कथा लावावी, आणि क्रम ज्यांची ती आहे त्यांनी लावावा.

पण त्याआधी माळ्यावर चढा. विदर्भातला मे महिना आणि पत्र्याखालचा माळा हे तबकडीचे दोन वैरी. एलपी प्लास्टिकची असते, आडवी रचून ठेवली किंवा भिंतीला कलती टेकवली, की उन्हाळ्यात वाकते आणि मग सुई होडीसारखी वरखाली होते. रेकॉर्ड पुस्तकासारख्या उभ्या ठेवाव्यात, घट्ट नाही, सैल नाही, खालच्या मजल्यावर, ऊन न येणाऱ्या भिंतीशी. पुसायची तर स्वच्छ मऊ सुती कापड शुद्ध पाण्यात ओलवून, रेषांच्या गोलाईने फिरवत. पदराने नको, पदराची धूळ रेषांत जाऊन बसते. जुनी लाखेची अठ्ठ्याहत्तरची असेल तर तिला स्पिरिट चुकूनही लावू नका, लाख त्यात विरघळते आणि आवाज कापडाला लागून निघून जातो. अठ्ठ्याहत्तरची सुई एलपीला लावू नये, एलपीची सुई अठ्ठ्याहत्तरला लावू नये. फिएस्टासारखा जुना प्लेयर सापडला तर आधी त्याचा पट्टा आणि वायर मिस्तरीला दाखवा, मगच बटण दाबा. पाकिटावर कोणाच्या लग्नात भेट आली त्याचे नाव, तारीख शाईने लिहिलेली असते. ती पाकिटे फेकू नका, फाटली असतील तर आतल्या बाजूने कागद चिकटवा. आणि दहाच्या संचातली एखादी हरवलेली निघाली, तर शेजारच्या गावी विचारा. बहुतेक वेळा ती उसनी गेलेली असते, आणि नेणाऱ्याच्या घरी अजून तशीच, परत द्यायची म्हणून, वेगळी ठेवलेली असते.